सीमेपलीकडे दिलेली वांग झाओजुन

इसवी सनापूर्वी 33 साल उजाडलं तेव्हा हान साम्राज्याच्या राजधानीत, चांगआनमध्ये, एका बड्या पाहुण्याच्या स्वागताची धांदल चालली होती. चांगआन म्हणजे आजच्या शीआन शहराचा परिसर. पाहुणा उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आला होता. शिओंगनू या भटक्या, घोड्यावरच लहानाच्या मोठ्या होणाऱ्या लोकांचा तो चान्यू, म्हणजे सर्वोच्च राजा. नाव हुहान्ये. हान दरबारात येण्याची त्याची ही तिसरी खेप. या वेळी त्याने सम्राट युआनकडे एक मागणं मागितलं: मला हान घराण्याचा जावई करून घ्या. सम्राटाने होकार दिला. मात्र मुलगी दिली ती राजघराण्यातली नव्हे. अंतःपुरातली एक तरुणी चान्यूच्या पदरी घालण्यात आली. तिचं नाव वांग झाओजुन.

या प्रसंगाची सर्वांत जुनी सविस्तर नोंद बान गू या इतिहासकाराच्या ‘हानशू’ ग्रंथात आहे. बान गू इसवी सन 92 मध्ये तुरुंगात वारला आणि ग्रंथाचा राहिलेला भाग त्याची विदुषी बहीण बान झाओ हिने पुरा केला. झाओजुनच्या लग्नाला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती. ग्रंथात ते लग्न काही ओळींत आटोपतं: चांगल्या घरची मुलगी चान्यूला दिली, चान्यू आनंदला. ती दिसायला कशी होती याबद्दल अवाक्षर नाही. निघताना रडली का, मागे वळून पाहिलं का, तेही नाही.

आणि हीच झाओजुन आज प्राचीन चीनच्या चार महान सुंदरींपैकी एक मानली जाते.

बाकीच्या तिघींपैकी सी शी ही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. यूए राज्याने तिला शत्रुराजाला भुलवण्यासाठी पाठवलं, अशी तिची कथा. यांग ग्वेफेई ही आठव्या शतकातल्या तांग सम्राटाची लाडकी राणी. बंडाच्या धामधुमीत सैन्याच्या हट्टापायी तिला जीव गमवावा लागला. दिआओचान तर कथाकारांनीच घडवलेली, ‘तीन राज्यांच्या कादंबरी’त अमर झालेली. या चौघींचं वर्णन एका दमात करायची चिनी रीत अशी की एकीला पाहून मासे पाण्यात बुडी घेतात, दुसरीला पाहून उडते हंस खाली पडतात, तिसरीपुढे चंद्र तोंड लपवतो आणि चौथीपुढे फुलं लाजतात. हंस पडतात ते झाओजुनला पाहून. उत्तरेच्या वाटेवर तिने वाद्य छेडलं आणि दक्षिणेकडे निघालेले हंस पंख हलवायचे विसरले, असं लोककथा सांगते.

मासे आणि पक्ष्यांची ही कल्पना मुळात स्तुतीची नव्हतीच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ झुआंगझी याच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथात ती येते. माणसं ज्या स्त्रियांना सुंदर म्हणतात त्यांना पाहून मासे खोल पळतात आणि पक्षी उंच उडून जातात. मग खरं सौंदर्य कुणाला कळलं, माणसांना की माशांना, असा तिथला प्रश्न आहे. पुढच्या लोकांनी प्रश्न सोडून दिला आणि बुडालेला मासा तेवढा उचलला. झाओजुनच्या बाबतीतही बरंचसं असंच घडलं. तिच्या आयुष्यातला जो तो भाग ज्याला त्याला हवा होता, तो त्याने उचलला.

तिची पाठवणी कशासाठी झाली हे समजायला सुमारे पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं. इसवी सनापूर्वी 200 मध्ये हान घराण्याचा संस्थापक सम्राट गाओझू स्वतः सैन्य घेऊन शिओंगनूंवर चालून गेला आणि बायदेंग या ठिकाणी त्यांच्या वेढ्यात सापडला. सुटका झाली, पण धडा मिळाला. त्यानंतर हान दरबाराने सोयरिकीचं धोरण धरलं. चान्यूला राजकन्या द्यायची, दरवर्षी रेशीम, धान्य, मद्य पाठवायचं आणि सीमा शांत ठेवायची. पहिल्या खेपेला सम्राटाची सख्खी मुलगीच पाठवायचं घाटत होतं. तिच्या आईने, सम्राज्ञी ल्यूने, रात्रंदिवस रडून ते होऊ दिलं नाही आणि दुसऱ्याच एका मुलीला राजकन्या म्हणून पाठवण्यात आलं. म्हणजे दुसऱ्याची लेक पुढे करायची वहिवाट पहिल्या दिवसापासूनची.

पुढे सम्राट वूने हे धोरण मोडून दीर्घ युद्धं केली. दोन्ही बाजू खचल्या. इसवी सनापूर्वी 57च्या सुमारास शिओंगनूंमध्ये गादीसाठी एकाच वेळी पाच दावेदार उभे राहिले. त्या भाऊबंदकीतून शेवटी उरले दोन भाऊ, थोरला झिझी आणि धाकटा हुहान्ये. थोरल्यापुढे टिकाव लागेना, तेव्हा हुहान्येने शिओंगनूंच्या इतिहासात न घडलेली गोष्ट केली. इसवी सनापूर्वी 51 मध्ये तो हान सम्राटाच्या दरबारी हजर झाला. सम्राटाने त्याला सोन्याची मुद्रा दिली आणि 8,000 ताके रेशीम, 6,000 चिन रेशमाचा कापूस अशी भेटींची रास ओतली. इसवी सनापूर्वी 36 मध्ये दोन हान अधिकाऱ्यांनी मध्य आशियात तालास नदीपर्यंत मजल मारून झिझीला ठार केलं. भावाचा काटा निघाला म्हणून हुहान्ये खूश झाला. पण हान सैन्याचा हात इतक्या लांब पोहोचतो, हे पाहून तो धास्तावलाही. इसवी सनापूर्वी 33 ची ती तिसरी खेप आणि जावई होण्याची मागणी, या दोन्हींच्या मुळाशी हे आहे.

म्हणजे ही मागणी विजेत्याची नव्हती. गरज होती ती हुहान्येला. झाओजुनबद्दलची बहुतेक नाटकं आणि गाणी नेमकं हेच उलटं करून सांगतात.

त्या भेटीतली आणखी एक गोष्ट बान गूने टिपून ठेवली आहे आणि ती लग्नाइतकीच मोलाची आहे. सोयरीक जमल्याच्या आनंदात हुहान्येने सुचवलं की पूर्वेच्या शांगगूपासून पश्चिमेच्या दुनहुआंगपर्यंतची सारी सीमा मीच राखतो, तुम्ही तुमचे पहारे उठवा. दरबारातल्या बहुतेकांना ही कल्पना पसंत पडली. विरोध केला तो होउ यिंग नावाच्या एका अधिकाऱ्याने, आणि त्याने दहा कारणं दिली. त्यातलं एक कारण वाचताना थबकायला होतं. सीमेवरचे गुलाम आणि दासी दुःखात आहेत, शिओंगनूंकडे सुखात जगता येतं असं ते ऐकून आहेत, पहारे कडक आहेत म्हणूनच ते इथे थांबले आहेत, असं तो सांगतो. सीमेपलीकडे नुसतं रण, गारठा आणि रानटी माणसं, असं चित्र पुढच्या कवींनी रंगवलं. सीमेवरच्या गरिबाला मात्र पलीकडचं आयुष्य हेवा करण्याजोगं वाटत होतं. सम्राटाने होउ यिंगचं ऐकलं आणि चान्यूला गोड शब्दांत नकार कळवला.

आता अंतःपुराकडे वळू. पाचव्या शतकात फान ये या इतिहासकाराने उत्तर हान काळाचा इतिहास लिहिला. त्यात झाओजुन दुसऱ्यांदा भेटते आणि इथे तिला चेहरा मिळतो. फान ये सांगतो की सम्राटाने हुहान्येला पाच स्त्रिया द्यायचं ठरवलं. झाओजुन अंतःपुरात कित्येक वर्षं होती, पण सम्राटाची नजर तिच्यावर कधी पडली नव्हती. त्या दुःखाने, त्या रागाने तिने स्वतःच अधिकाऱ्याकडे जाऊन उत्तरेला जायची परवानगी मागितली. निरोपाच्या समारंभात पाचही जणी पुढे आल्या. झाओजुनच्या रूपाने सारा महाल उजळला, पाहणारे हलून गेले. सम्राट चकित झाला. तिला ठेवून घ्यावंसं त्याला वाटलं, पण शब्द मोडणं शक्य नव्हतं.

फान येचा मजकूर घटनेनंतर साडेचारशे वर्षांहून जास्त काळाने लिहिलेला आहे. त्यामुळे तो शब्दशः खरा मानता येत नाही. पण तिच्याबद्दलच्या साऱ्या जुन्या लेखनात ती स्वतःहून काही ठरवते अशा जागा फार थोड्या, आणि ही त्यातली सर्वांत ठसठशीत. हजारो स्त्रिया ज्या भिंतींआड म्हाताऱ्या होत, तिथून बाहेर पडायचा एक दरवाजा दिसला आणि तिने तो स्वतः ढकलला.

मग सम्राटाला ती आधी दिसली कशी नाही? या प्रश्नाचं उत्तर लोकांनी शोधून काढलं. ‘शीजिंग झाजी’ नावाचा राजधानीच्या आठवणींचा एक संग्रह आहे. तो हान काळातल्या विद्वानाच्या नावावर असला तरी बऱ्याच अभ्यासकांच्या मते कित्येक शतकांनंतर तयार झालेला आहे. त्यात ही गोष्ट येते. अंतःपुरातल्या स्त्रिया इतक्या की सम्राट प्रत्येकीला भेटणार कसा? म्हणून चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली जात आणि चित्र पाहून बोलावणं धाडलं जाई. साहजिकच चित्रकारांचे हात ओले करायची चढाओढ लागली. लाच लाखाच्या घरात जाई, कमीत कमी 50,000 नाणी. झाओजुनने छदामही दिला नाही. तिचं चित्र कुरूप निघालं. शिओंगनूंसाठी मुलगी निवडायची वेळ आली तेव्हा सम्राटाने चित्र पाहूनच तिचं नाव काढलं, आणि निघायच्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं तर अंतःपुरात तिच्या तोडीची दुसरी नाही. चौकशी झाली. राजधानीतल्या चित्रकारांना भर बाजारात देहदंड झाला, त्यांची प्रचंड मालमत्ता उघडी पडली आणि काही काळ राजधानीत चित्रकार मिळेनासे झाले.

या चित्रकारांत माओ यानशोउ हे एक नाव आहे. मूळ मजकुरात तो अनेकांपैकी एक आहे. झाओजुनचं चित्र त्यानेच बिघडवलं, असं तिथे म्हटलेलंही नाही. पण गोष्टीला खलनायक लागतो. पुढच्या काळात सगळा दोष एकट्या माओच्या माथी बसला आणि आजही चीनमध्ये तो लाचखाऊ म्हणूनच ओळखला जातो. ही गोष्ट लोकांना का रुचली असेल हे सहज कळतं. प्रामाणिक माणसाला मधला दलाल वर पोहोचू देत नाही, हे दुःख चीनमधल्या प्रत्येक पिढीतल्या विद्वानाचं होतं. परीक्षा दिल्या, ग्रंथ पाठ केले, पण लाच दिली नाही म्हणून कुठल्या तरी आडगावी खितपत पडलो, असं वाटणाऱ्या प्रत्येक कवीला झाओजुन आपली वाटली. त्यांनी तिच्यावर शेकडो कविता लिहिल्या. त्यांतल्या पुष्कळ कवितांत रडते झाओजुन, पण दुःख कवीचं असतं.

तिच्या हातातल्या वाद्याचीही हकीकत आहे. झाओजुनचं कुठलंही चित्र पाहा: लाल झगा, केसाळ कातड्याची किनार, पांढरा घोडा आणि छातीशी धरलेलं पिपा नावाचं तंतुवाद्य. पिपाशिवाय झाओजुन ओळखूच येणार नाही. हे पिपा तिच्या हाती दिलं शी चोंग नावाच्या तिसऱ्या शतकातल्या धनाढ्य कवीने. तिच्यावरच्या गीताच्या प्रस्तावनेत तो सांगतो की पूर्वी वूसुन लोकांच्या राजाला दिलेल्या राजकन्येचं मन रमावं म्हणून वाटेत घोड्यावर पिपा वाजवत नेलं होतं, तेव्हा झाओजुनच्या वेळीही तसंच झालं असणार. ती आधीची राजकन्या म्हणजे लिउ शीजुन. झाओजुनच्या सत्तर वर्षं आधी तिला आजच्या किरगिझस्तानच्या बाजूला राहणाऱ्या वूसुनांच्या म्हाताऱ्या राजाला दिलं होतं. पिपा तिच्या प्रवासातलं, तेही इतर कुणी वाजवलेलं. शी चोंगच्या अंदाजाने ते झाओजुनच्या वरातीत आलं आणि चित्रकारांनी तिच्या हातात दिलं. लिउ शीजुनला मात्र लोक विसरले.

मृत्यूचंही असंच झालं. ‘हानशू’ सांगतो की लग्नानंतर दोनच वर्षांनी, इसवी सनापूर्वी 31 मध्ये, हुहान्ये वारला. गादीवर आला त्याचा दुसऱ्या राणीपासूनचा मुलगा फूझूलेई आणि शिओंगनूंच्या रीतीप्रमाणे त्याने सावत्र आईशी, म्हणजे झाओजुनशी, लग्न केलं. चिनी वाचकाला ही रीत किळसवाणी वाटे. शिओंगनूंची बाजू इतिहासकार सिमा छ्यान याने एका फितूर चिनी माणसाच्या तोंडून आधीच नोंदवून ठेवली होती: विधवेला घरातच ठेवलं की कुळ विस्कटत नाही. पण चिनी कवींना आपली नायिका सासरच्याच घरात दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलेली सोसवेना. ‘छिनत्साओ’ या वीणागीतांच्या जुन्या संग्रहात तर हा सावत्र मुलगा तिचा पोटचा मुलगा होतो. ती त्याला विचारते, तू चिनी रीतीने वागणार की शिओंगनूंच्या? तो म्हणतो, शिओंगनूंच्या. ती विष घेते.

तेराव्या शतकात मंगोलांनी सारा चीन जिंकला आणि त्यांच्याच राजवटीत मा झियुआन या नाटककाराने ‘हान गोंग छ्यू’, म्हणजे हान राजवाड्यातला शरद, हे नाटक लिहिलं. चिनी रंगभूमीच्या अभ्यासकांच्या लेखी हे पहिल्या रांगेतलं नाटक. मा झियुआनने इतिहास जवळजवळ उपडा केला. त्याचा हान सम्राट दुबळा आहे, मंत्री भेकड आहेत आणि शिओंगनू प्रबळ. चित्रकार माओ यानशोउ इथे मंत्री आहे. पकडला जाणार हे दिसताच तो झाओजुनचं चित्र घेऊन चान्यूकडे पळतो. चान्यू सैन्याच्या जोरावर तिला मागतो. सम्राट तिच्या प्रेमात बुडालेला, पण तिला वाचवू शकत नाही. सीमेवरच्या नदीपाशी ती दक्षिणेकडे तोंड करून अखेरचा पेला ओतते आणि पाण्यात उडी घेते. शेवटच्या अंकात रात्री एकटा बसलेला सम्राट एका हंसाचा आक्रोश ऐकत राहतो.

परक्यांच्या टाचेखाली आलेल्या प्रेक्षकाला हे नाटक काय सांगत असेल याची कल्पना करता येते. देश हरला, पण एका स्त्रीने सीमा ओलांडली नाही. या नाट्यप्रकाराचा एक नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सबंध नाटकात गाणारं मुख्य पात्र एकच असतं, बाकीच्यांनी फक्त बोलायचं. ‘हान गोंग छ्यू’मध्ये चारही अंकांत गातो तो सम्राट. झाओजुनच्या वाट्याला गाणं नाही. 1829 मध्ये जॉन फ्रान्सिस डेव्हिस याने नाटकाचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि युरोपला झाओजुन कळली ती या रूपात, नदीत बुडालेली. जपानच्या नो रंगभूमीवर ती ‘शोकुन’ होऊन गेली. तिथे गावाकडे राहिलेले म्हातारे आईबाप मुलीने लावलेल्या विलोच्या झाडाखाली झाडलोट करतात आणि आरशात तिचं रूप शोधतात. लेक सासरी गेल्यावर मागे राहिलेल्यांचं दुःख इतक्या नेमकेपणाने त्या नाटकाने पकडलं आहे.

सगळ्यांनीच तिला रडवलं असं नाही. 1059 मध्ये सोंग काळातला थोर कवी आणि पुढे मोठ्या सुधारणा करणारा मंत्री वांग आनशी याने तिच्यावर दोन कविता लिहिल्या. त्याचं म्हणणं दोन बाबतींत धाडसी होतं. माणसाचं चैतन्य चित्रात पकडता येत नाही, तेव्हा माओ यानशोउचा बळी उगाच गेला, हे एक. दुसरं असं की हान सम्राटाने तिच्यावर केलेली कृपा उथळ होती, शिओंगनूंची माया खोल होती, आणि माणसाचं सुख मन जाणणाऱ्याच्या सोबतीत आहे. पुढच्या शतकात उत्तर चीन परकीय जुरचेनांच्या हाती गेला तेव्हा फान चोंग नावाच्या दरबाऱ्याने सम्राटापुढे या ओळींवर आग पाखडली. असं असेल तर शत्रूला जाऊन मिळणाराही दोषी ठरणार नाही, असा त्याचा मुद्दा. एका स्त्रीला नवऱ्याघरी सुख लाभलं असेल एवढी शक्यता बोलून दाखवणं सत्तर-ऐंशी वर्षांत देशद्रोहाच्या पंक्तीला जाऊन बसलं.

विसाव्या शतकात पुन्हा वारं फिरलं. 1920च्या दशकात ग्वो मोरुओ याने तिला बंडखोर नायिका केलं: सम्राटाला नाकारून आपल्या मर्जीने निघून जाणारी. 1960च्या दशकात नव्या चीनला हान आणि मंगोल यांच्यातल्या सलोख्याचं प्रतीक हवं होतं. पंतप्रधान चौ एन लाय यांनी नाटककार त्साओ यू यांना या विषयावर लिहायला सांगितलं. मध्ये सांस्कृतिक क्रांतीची वर्षं गेली. नाटक पुरं झालं 1978 मध्ये आणि पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये रंगभूमीवर आलं. इथे झाओजुन हसतमुख आहे, आनंदाने निघते, दोन जमातींमध्ये पूल बांधते. हजार वर्षांच्या रडण्याला हा उतारा होता. तरी तोही सरकारी गरजेतून आलेला, हे विसरून चालत नाही.

इनर मंगोलियाची राजधानी होहोत. तिच्या दक्षिणेला दाहेई नदीजवळ मातीची ठोकून उभारलेली, सुमारे 33 मीटर उंचीची एक टेकडी आहे. हिला छिंगझोंग, म्हणजे हिरवी समाधी म्हणतात. शरद ऋतूत सभोवारचं गवत पिवळं पडतं, पण या टेकडीवरचं हिरवंच राहतं, अशी श्रद्धा आहे. आठव्या शतकातल्या दू फू आणि ली बाय या महाकवींनाही हिरवी समाधी ठाऊक होती. झाओजुन तिथेच पुरली आहे याचा पुरावा उत्खननातून मिळालेला नाही. तिच्या नावाच्या समाध्या त्या प्रदेशात इतरत्रही दाखवतात. छिंगझोंगसमोर घोड्यांवर शेजारी शेजारी बसलेल्या हुहान्ये आणि झाओजुनचा ब्राँझचा पुतळा आहे. घोडे एकमेकांना खेटून चालले आहेत, दोघं जोडीने निघालेत आणि तिच्या हातात पिपा नाही.

तिचं माहेर तिथून फार दूर, दक्षिणेला हूबेई प्रांतातल्या शिंगशान जिल्ह्यात. यांगत्सेला मिळणारी श्यांगशी, सुगंधी ओढा, ही नदी तिथूनच वाहते. वसंतात पीचची झाडं फुलतात त्या दिवसांत या पाण्यात इवले, पारदर्शक, छत्रीसारखे जीव तरंगताना दिसत आले आहेत. गोड्या पाण्यातले जेलीफिश ते. लोक त्यांना पीचफुलांचे मासे म्हणतात. निरोपाच्या वेळी झाओजुनचे अश्रू पाण्यातल्या पाकळ्यांवर पडले आणि त्यांचे हे मासे झाले, असं तिथली कथा सांगते.

कथा, कविता, नाटकं इतकी दाट झाली की खऱ्या झाओजुनच्या घरादाराची नोंद त्यांच्याखाली गाडली गेली. ती नोंद ‘हानशू’च्या शिओंगनूंवरच्या प्रकरणात विखुरलेली आहे आणि एकत्र केली तर कुठल्याही नाटकापेक्षा जास्त खिळवून ठेवते.

हुहान्येपासून झाओजुनला एक मुलगा झाला, इतूझियाशी. फूझूलेईशी लग्न होण्याआधी तिने हान दरबाराला पत्र लिहून परत येऊ द्यावं अशी विनंती केली, असं फान ये सांगतो. युआन सम्राट तर तिला पाठवलं त्याच वर्षी वारला होता. नव्या सम्राटाने, चेंगने, तिथल्या रीतीप्रमाणे राहण्याचा आदेश धाडला. तिच्या आयुष्यातला सर्वांत कठीण क्षण हाच असावा. कवींनी निरोपाचा प्रसंग शेकडो वेळा रंगवला, पण माहेरचं दार बंद झाल्याच्या या क्षणाकडे त्यांचं लक्ष फारसं गेलं नाही. तिने विष घेतलं नाही की नदीत उडी टाकली नाही. फूझूलेईपासून तिला दोन मुली झाल्या. थोरल्या मुलीचं नाव युन.

इसवी सन 2 मध्ये हान दरबारात सत्ता वांग मांग या महत्त्वाकांक्षी मंत्र्याच्या हाती होती. आपल्या आत्याला, म्हणजे आजेसम्राज्ञी वांग झेंगजुन हिला, खूश करायला त्याने चान्यूला सुचवलं की झाओजुनच्या लेकीला तिच्या सेवेत पाठवावं. युन चांगआनला आली. वांग झेंगजुन ही सम्राट युआनची विधवा पट्टराणी. ज्या सम्राटाने झाओजुनला देऊन टाकलं, त्याच्या सत्तरी ओलांडलेल्या बायकोच्या सेवेत चौतीस वर्षांनी झाओजुनची मुलगी उभी होती.

युन परत गेली आणि पुढे शिओंगनूंच्या राजकारणात वजनदार ठरली. तिचा नवरा शूबू दांग मोठ्या हुद्द्यावर होता. वांग मांगने स्वतःला सम्राट घोषित केलं, चान्यूचा दर्जा उतरवला, शिओंगनूंना डिवचलं आणि तीन पिढ्यांची शांतता मोडली. अशा दिवसांत युन आणि दांग यांनी चीनशी जमवून घेणाऱ्या माणसाला चान्यूपदी बसवायला हातभार लावला. मग त्यांनी सीमेवर निरोप पाठवला: आम्हाला वांग शी यांना भेटायचंय. वांग शी हा झाओजुनच्या थोरल्या भावाचा मुलगा, युनचा मामेभाऊ. त्याला सरकारने सोयरिकीच्या नावाचीच सरदारकी दिली होती. दोन साम्राज्यांमधली बोलणी मामेभाऊ आणि आतेबहीण यांच्या ओळखीवर चालली होती. या लग्नातून खरोखर काय उभं राहिलं, ते इथे दिसतं.

त्या ओळखीचाच पुढे घात करण्यात आला. इसवी सन 18 मध्ये वांग मांगने याच वांग शीला सीमेवर भेटीसाठी पाठवलं आणि भेटायला आलेल्या युन आणि दांग यांना सैन्याच्या धाकाने चांगआनला नेलं. दांगला आपल्या सोयीचा चान्यू करायचा त्याचा बेत होता. दांग तिथेच आजारी पडून वारला. इसवी सन 23 मध्ये बंडखोर राजधानीत घुसले, वांग मांग मारला गेला आणि त्याच धुमश्चक्रीत युन आणि तिचा मुलगाही प्राणाला मुकले. तिची आई चांगआनमधून निघाली त्याला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी नव्या हान दरबाराच्या दूतांनी युन आणि दांग यांचे उरलेले नातलग गवताळ प्रदेशात परत पोहोचवले.

झाओजुनच्या मुलाचा, इतूझियाशीचा शेवट उत्तरेत झाला. भावामागून भावाने गादीवर यायची तिथली रीत चालत आली होती आणि त्या हिशेबाने पाळी त्याची होती. चान्यू यू हा त्याचा सावत्र भाऊ, त्याला गादी आपल्या मुलाला द्यायची होती. त्याने इतूझियाशीला ठार केलं. हे पाहून बी नावाचा त्यांचा पुतण्या बिथरला. भावांचा क्रम धरला तर इतूझियाशीचा हक्क होता आणि मुलांचा क्रम धरला तर माझा, असं तो उघड बोलू लागला. इसवी सन 48 मध्ये दक्षिणेकडच्या आठ टोळ्यांनी बीला चान्यू केलं, शिओंगनूंचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे कायमचे पडले आणि बीने हान साम्राज्याशी पुन्हा मैत्री जोडली. गादीवर बसताना त्याने आपल्या आजोबांचंच नाव घेतलं: हुहान्ये.